हॅलोविनला पुण्यात हडळ

सातारा–पुणे विनाथांबा गाडीत सामानाच्या फळीवर माझे दोन जादाचे पाय होते. ईव्हीए फोमचे, म्हणजे रबरासारख्या हलक्या फोमचे, जुन्या चादरीत गुंडाळलेले. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूरचा टोलनाका, सगळा रस्ता नेहमीचा. लक्ष त्या गाठोड्यावर, कुणाची बॅग वर येऊन पडली तर बोटं मोडतील म्हणून. पुण्यात हॅलोविनचं, म्हणजे भुताखेतांच्या त्या परदेशी सणाचं, छोटं कॉन्व्हेन्शन होतं, सोंगं घेऊन जमायचा मेळावा, आणि मी हडळ होऊन जाणार होते.

स्वारगेटहून मेट्रोने आधी मंडई गाठली, कारण हिरव्या बांगड्या तुळशीबागेतूनच घ्यायच्या होत्या, आणि त्याही काचेच्याच. हडळ दिसण्याआधी ऐकू यायला हवी. बांगड्या भरताना काकूंनी विचारलं, "डोहाळजेवण का?" मी म्हटलं, "नाही काकू, सोंग आहे." त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या हाताची बोटं दाबायला घेतली.

सोंग म्हटलं खरं, पण हडळच का, हे सांगायला हवं. आपल्याकडे मुंजा, खवीस, झोटिंग, जखीण, लावसट अशी भुतांची केवढी तरी मोठी बिरादरी आहे, आणि प्रत्येकाला स्वतःच्या मरणाची गोष्ट आहे. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात किंवा पुढच्या दहा दिवसांत गेलेली बाई ती हडळ. अशा बाईला नेताना वाटेवर राळे टाकत जायचे, म्हणजे ते वेचता वेचता उजाडेल आणि ती घरी परतणार नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. मला हे ऐकल्यापासून तिची भीती कधी वाटलीच नाही. रक्तस्रावाने नाहीतर तापाने गेलेली पोर, मागे तान्हं बाळ, आणि गावाने वाटेवर धान्य टाकायचं, का तर तिने बाळाकडे येऊ नये! म्हणून माझ्या हडळीला ना रक्त, ना सुळे. हिरवं लुगडं, डोक्याला बाळंतिणीचा रुमाल आणि हातात रिकामी कुंची.

पाय मात्र उलटे. त्यावर मी जीव ओतला होता. साध्या सपाट चपलेच्या मागच्या बाजूला फोमचं पाऊल बसवलं, बोटं मागे केलेली. माझी खरी बोटं पुढे, त्यांच्यावर फोमचीच गोल टाच चढवली. चिकटवण्याचं सोल्युशन दोन्ही तुकड्यांना लावून, ते हाताला चिकटेनासं झालं की मगच जोड दाबायचा. ते काम गच्चीवर केलं, कारण वास डोक्यात जातो. मग हीट गन फिरवून फोमची छिद्रं बंद केली, नाहीतर तो रंग पीत बसतो. शिरांसाठी कातडीखाली दोरा, भेगांसाठी सोल्डरिंगचं तापलं टोक. शेवटी मागे वळलेल्या त्या बोटांत जोडवी घातली. मागचं पाऊल जमिनीपासून अर्धं बोट वर ठेवलं की घासत नाही. जिना उतरताना मात्र आडवंच उतरावं लागतं, नाहीतर ते मागच्या पायरीला अडतं.

सभागृह कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत. मेट्रोने जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून नळस्टॉप, तिथून चालत. आत चेटकिणी होत्या, जपानी ॲनिमेतली मंडळी होती, कागदाच्या लगद्यातून एकेक बरगडी घडवलेला एक सापळा होता. स्पर्धेचा पहिला नंबर त्यालाच गेला आणि तो त्याचाच होता. दारात कोरलेले लाल भोपळे. आयर्लंडात हे दिवे मुळात सलगमाचे करत. तिथले लोक अमेरिकेत गेले आणि भोपळा हाती आला. आपल्या भोपळ्याची साल जाड नि हिरवट, सुरी सहज चालत नाही, पण आत दिवा ठेवला की गर असा काही पेटतो की बघत राहावं. कोरून काढलेल्या गराचे घारगे एका टेबलावर मांडले होते. गरम होते, आणि गूळ अगदी बेताचा.

मोठ्या कॉन्व्हेन्शनला माणसं फोटो काढतात आणि पुढे सरकतात. इथे माणसं मोजकी, म्हणून थांबत होती, विचारत होती. एका आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. तो माझ्या पायांशी बसून जोडवी मोजत होता. आजींनी कुंचीकडे पाहिलं. "बाळंतपणात गेलेली का गं तू?"

"हो आजी."

"मग रुमाल असा काय बांधलास? बाळंतिणीच्या कानाला वारं लागू द्यायचं नसतं. वाक जरा."

त्यांनी रुमाल सोडला, दोन्ही कान झाकून पुन्हा बांधला, गाठ हनुवटीखाली घट्ट आवळली. मग नातवाला म्हणाल्या, "घाबरू नकोस रे, ही कुणाची तरी आई आहे." आजवर माझ्या कामाची खूप तारीफ झाली आहे, पण या वाक्याची सर कशालाच नाही. मी जे शिवलं, कापलं, रंगवलं ते सगळं त्यांना एका नजरेत कळलं होतं.

त्यानंतर आमच्याभोवती घोळकाच जमला. कोकणातल्या एकाने वेताळाच्या स्वारीचं सांगितलं, मावळातल्या एकीने तिच्या गावच्या विहिरीवरच्या आसरांचं, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात जणींचं. हॅलोविन परदेशातलं असेल, पण गेलेली माणसं परत येतात ही कल्पना आपल्याला कुणी शिकवायला नको. अशी एक संध्याकाळ मिळाली की आपली भुतं आपोआप बाहेर येतात. मला तर वाटतं, दरवर्षी निम्मी वेशभूषा आपल्याच भुतांची असावी.

पुढच्या ऑक्टोबरसाठी तिथेच ठरलं: साती आसरा. ओले केस, हिरवे खण, हळदकुंकू. मी, मावळातली ती मैत्रीण आणि सापळेवाल्याची बहीण अशा तिघी झालो. अजून चौघी हव्यात. शिवणकाम येत नसलं तरी चालेल, ते मी बघते. फक्त दिवसभर ओल्या केसांनी उभं राहायची तयारी ठेवा.