मोंढ्यातली वर्गणी

आज दोस्तासाठी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वर्गणी मागत फिरलो. झाडावरून पडून त्याच्या मणक्याला मार लागला, कमरेखालचं अंग लुळं पडलं. ऑपरेशनला लोकांनी सढळ हातानं दिलं, पण एअर बेड, कॅथेटर (लघवीची नळी), डायपर म्हटलं की विचारतात, "आता आणखी कशाला?" अहो, खर्च तर घरी आल्यावर सुरू होतो! दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, त्या चिघळल्या तर जिवावर बेततं. वहिनी गजर लावून रात्रभर उठतात. एक आडते म्हणाले, "सरकारी योजना बघा की." बघितली. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंय, संजय गांधी निराधारचा अर्जही दिलाय. तेव्हा कुठं गल्ल्यात हात गेला! एअर बेडचे जमले, व्हीलचेअरचे बाकी आहेत. इनबॉक्समध्ये या. पैसे नसतील तर एखादी रात्र त्याच्याजवळ थांबा, वहिनींना झोप तरी मिळेल.