डबा परत करायचा राहिलाय

३१ जुलै, रात्रीचे साडेअकरा

शेवटचं इन्कम टॅक्स रिटर्न दहा चाळीसला गेलं. शेजारच्या काकूंच्या पडवीत, लॅपटॉप झोपाळ्यावर आणि मी खाली पाटावर. बावीस वर्षं मी जुलैची ही शेवटची तारीख काढतेय. कधी ऑफिसात, कधी घरी, एकदा तर मावसबहिणीच्या लग्नाच्या हॉलवर. पण एका पायाने झोपाळा थोपवून धरत ओटीपीची वाट बघायची वेळ पहिल्यांदाच आली.

दुपारी चारला लाईट गेली. रत्नागिरीत पावसाळ्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, पण आज आळीच्या तोंडाशी फणसाची फांदीच तारांवर आली. माझा यूपीएस पाऊण तास टिकला. सात रिटर्नं शिल्लक. मोबाइलवरून नेट घ्यावं तर माझ्या घरात रेंज फक्त न्हाणीघराच्या खिडकीशी. शेवटी छत्री घेऊन गडग्यापाशी, म्हणजे दोन घरांमधल्या दगडी कुंपणापाशी, गेले आणि मुलुंडच्या एका क्लायंटला ओरडून सांगत राहिले, की होईल, आजच होईल. एवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘अगो, पावसात ओरडत्येस कशाला? आमचा इन्व्हर्टर चालू आहे. ये इकडे.’

गेले. राउटरही उचलून नेला होता, तो कशाला ते देव जाणे. काकांनी बॅटरी पुरावी म्हणून आपल्या खोलीतला पंखा बंद केला, सातच्या बातम्या सोडल्या आणि अंधारात खुर्ची टाकून बसले. दर अर्ध्या तासाने एकच प्रश्न: ‘किती राहिले?’ क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा. सात, पाच, तीन. आठ वाजता काकूंनी घावन आणून ठेवलं. कीबोर्डला तेलकट बोटं लागू नयेत म्हणून मी डाव्या हाताने खाल्लं, तेही त्यांनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. निघताना हातात डबा. ‘भारंगीची भाजी आहे. उद्या सकाळी खा हो.’

म्हणजे आता ओट्यावर चार डबे झाले.

ह्या चार डब्यांनी माझी झोप उडवली आहे, असं म्हटलं तर मुंबईच्या मैत्रिणी हसतील. पण कराडला आमच्या आईने लहानपणापासून एक गोष्ट हाडात भरवली आहे: शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही. आणि मला स्वयंपाक येतो म्हणजे खिचडी येते. भारंगीच्या भाजीच्या डब्यातून खिचडी कशी पाठवणार? एकदा बाजारातून पेढे आणून घालून दिले. काकू म्हणाल्या, ‘विकतचं कशाला गो?’ त्यात राग नव्हता, पण पेढ्यांनी फिटलं नाही एवढं कळलं.

कांदिवलीत हा प्रश्नच नव्हता. अकरा वर्षं एका मजल्यावर राहून शेजारच्या दाराशी माझा संबंध कुरिअर ठेवून घेण्यापुरता. प्रत्येक गोष्टीला दर होता, दर दिला की विषय संपला. नळवाला, इस्त्रीवाला, कोविडमध्ये आईला बसवून नेणारी गाडी. आई गेली, त्यानंतर दोन वर्षांनी एक दिवस लक्षात आलं की सगळी कामं लॅपटॉपवरच होतात आणि मी ३२ हजार भाडं भरते ते केवळ सवयीने. फेब्रुवारीत सामान टेम्पोत घातलं. इथे ११ हजारांत जांभ्याचं घर, पुढे अंगण, मागे विहीर.

समुद्रासाठी आलीस ना, असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर सहा महिन्यांत मी भाट्याच्या पुळणीवर मोजून नऊ वेळा गेले असेन. मांडवीला दोनदा, तेही कोणी पाहुणे आले म्हणून. समुद्र दिसत नाही माझ्या घरातून. ऐकू येतो, रात्री वारा पश्चिमेकडून असला तर. त्याचं खरं अस्तित्व कळतं ते चामड्याच्या पर्सवरच्या हिरव्या बुरशीतून, कपाटाच्या गंजलेल्या बिजागऱ्यांतून आणि आठ दिवस न वाळणाऱ्या पंजाबी ड्रेसांतून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हे मी वाचून आले होते. पण तीन हजार मिलिमीटर म्हणजे फायलींची पुठ्ठ्याची कव्हरं पापडासारखी मऊ पडणं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि घर शोधतानाचा तो प्रश्न. ‘मिस्टर कुठे असतात?’ नाहीत म्हटलं की पुढचा प्रश्न यायच्या आधी एक छोटी शांतता. एका मालकांनी फॅमिलीलाच देतो म्हणून सरळ सांगितलं. मला ते बरं वाटलं, निदान तोंडावर सांगितलं. बाकीच्यांची घरं अचानक ‘भाच्याला द्यायची’ ठरायची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई एकटी ह्या गावात येते ती तीन कारणांनी: बदली, माहेर, नाहीतर नवऱ्याची बदली. मी तिन्हींत बसत नाही. अजूनही बँकेत, वाण्याकडे, रिक्षात विचारतात, ‘बदली झाली का?’ आता मी हो म्हणते. वेळ वाचतो.

ह्या गावाला बाहेरून आणून ठेवलेल्या माणसांची सवय खरं तर जुनी आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० ला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच गेला. तीस वर्षं. रविवारी कधी कधी त्या राजवाड्याकडे जाऊन पश्चिमेकडे बघत बसते. त्यालाही कोणी डबे आणून दिले असतील का, असा खुळा विचार येतो. त्याला परतीचा रस्ता नव्हता. मला आहे, जनशताब्दी. पावसाळी वेळापत्रकात जरा रखडते एवढंच.

डब्यांकडे परत. ह्याची सुरुवात मीच केली, हे कबूल करायला हवं. एप्रिलमध्ये काका बँकेचा एक फॉर्म घेऊन आले. ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापू नये म्हणून भरायचा असतो तो. पाच मिनिटांचं काम. पैसे देऊ लागले, मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी कैरीचं लोणचं आलं. मग आळीत बातमी पसरली, आणि आमची आळी म्हणजे निम्मे पेन्शनर. मी फी घेत नाही म्हटल्यावर जे सुरू झालं ते कुठल्याही दरपत्रकात बसवता येणार नाही. रतांबे, आमसुलं, कोपऱ्यावरच्या गुरुजींकडून पायरीचे आंबे. मे महिन्यात एकांनी अख्खा फणस दारात आणून ठेवला. किमान बारा किलोचा. मी एकटी बाई, घाटावरची, त्या फणसाभोवती दोन दिवस नुसती फिरले. वास सगळ्या घरभर. शेवटी सुरी घातली आणि चिकाने सुरी, हात, ओटा सगळं एक झालं. काकूच आल्या, खोबरेल घेऊन. हाताला तेल, सुरीला तेल, कागद पसरून अर्ध्या तासात गरे एकीकडे, आठळ्या एकीकडे. निम्मे गरे मी त्यांनाच दिले. तर दोन दिवसांनी त्याची सांदणं होऊन परत आली. डब्यातून.

पैसे देऊन सुटायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं. नारळ पाडायला पाडेली हवा होता, तर त्याला झाडामागे किती ते विचारून उपयोग नाही, काकांनी सांगितलं तरच तो येतो. वायरमनचं तेच. म्हणजे काकांचा शब्द मी वापरला, तो कुठल्या खात्यात टाकायचा? आणि मोठं दुखणं आलं तर? मोठ्या उपचारांना इथली बरीच माणसं आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात. गाडीत शेजारी कोण बसेल, हा विचार कांदिवलीत मी कधी केला नव्हता, तो इथे केला. कारण इथे उत्तर येतं. आणि त्या उत्तराचाच मला थोडा त्रास होतो.

लाईट आत्ता आली. फ्रीज खडखडला. मासेमारीची बंदीही आज संपली, १ जूनपासूनची. पण ह्या वाऱ्यात उद्या किती होड्या बाहेर पडतील कोण जाणे, मिरकरवाड्यातले काही जण नारळी पौर्णिमेची वाट बघणारच. झोपते.

२ ऑगस्ट, सकाळ

काल दिवसभर झोपले. आज सहालाच उठून चारही डबे घासले, पुसले. एकावर कोरलंय: ‘मुंज, मे १९८९’. मुलगा आता पुण्यात, त्याच्या मुलाचीच मुंज झाली.

पाऊस थांबला होता. अंगणातल्या जास्वंदीला एवढी फुलं, की पानं दिसेनात. काकूंची पूजा साडेसातला असते. लालभडक, दव धरलेली, एकेक देठासकट तोडून चारही डबे भरले. स्वतःवर जाम खूश. बिनविकतची वस्तू, ताजी, माझ्या अंगणातली.

काकूंनी झाकण उघडलं, बघितलं, आणि गडग्याकडे बोट दाखवून हसायलाच लागल्या.

‘अगो, हे झाड आमचं. फांदी तेवढी तुझ्याकडे आल्ये.’

फुलं घेतली. एक डबा ठेवून घेतला, तीन परत माझ्या हातात दिले. ‘नागपंचमीला पातोळ्या करीन, तेव्हा तुझ्याकडेच असू देत.’