जुना पार्ट पिशवीत, चॅसी नंबर कागदावर

"मालक, स्प्लेंडरची क्लच केबल द्या." काउंटरवर असं म्हटलं की समोरून प्रश्न येतोच, "कुठलं मॉडेल?" यावर "साधीच आहे" एवढंच उत्तर असेल, तर चुकीचा पार्ट घरी येणार हे तिथंच ठरतं. स्प्लेंडर हे नाव १९९४ पासून चालू आहे. त्या एका नावाखाली किकवाली, सेल्फवाली, स्पोकची, अलॉयची, कार्ब्युरेटरची आणि आता इंजेक्शनची अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. पल्सर, पॅशन, शाईन यांचंही तेच. मोहोळ किंवा अक्कलकोटहून सोलापूरला सामान घ्यायला आलेल्या माणसाचा चुकीच्या पार्टपायी एक अख्खा दिवस जातो, आणि तोवर गाडी खोललेलीच पडते. म्हणून १०० ते १५० सीसीच्या गाडीचं काम निघालं की मी सामान कोणत्या क्रमानं घेतो ते इथं मांडतो.

पहिलं काम आरसी काढायचं. नंबरप्लेटवरच्या एमएच १३ च्या पुढची सिरीज बघून गाडीचं वर्ष सांगतात, पण त्यावरून नोंदणी कळते, बांधणी नाही. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, ते धरायचं. दोन वर्षं जास्त घोळाची आहेत. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाची सरकारी मर्यादा; आकडा मोठा तशी कडक) गाड्यांची विक्री बंद झाली आणि त्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत मोठ्या सवलतीत गाड्या खपल्या. त्यामुळे २०१७ ची गाडी बीएस-३ ही असू शकते आणि बीएस-४ ही. तसंच १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. २०२० च्या गाडीला कार्ब्युरेटर आहे की इंजेक्टर हे डोळ्यांनी बघूनच ठरवायचं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप, सेन्सर आणि वायरिंग सगळंच वेगळं.

मग चॅसी नंबर. तो बहुतेक गाड्यांवर हँडलच्या मानेपाशी कोरलेला असतो, साधारण उजव्या बाजूला. चिंधीला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून पुसा आणि मोबाईलवर फोटो घ्या. एकूण १७ अक्षरं-अंक असतात. पहिली तीन कंपनीची: एमबीएल म्हणजे हीरो, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमई४ होंडा, एमई१ यामाहा. दहावं अक्षर बहुतेक वेळा वर्षाचं: ए २०१०, बी २०११ असं मोजत एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०. मध्ये आय नाही, कारण चॅसी नंबरात आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत. कोरलेलं अक्षर गोल दिसलं तर तो शून्य समजायचा. कागदावर ओ लिहून नेला की काउंटरवरचा कॉम्प्युटर "सापडत नाही" म्हणतो आणि आपण उगाच त्या पोराशी वाद घालत बसतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर हा नंबर दिला की त्या गाडीचं चित्रासहित कॅटलॉग उघडतं आणि त्यातून पार्ट नंबर मिळतो. सामान तिथंच घ्या किंवा बाहेर घ्या, पण नंबर लिहून घ्या. नंबर वाचता आला तर निम्मं काम होतं. हीरो आणि होंडा २०१० च्या डिसेंबरात वेगळे व्हायचं ठरलं, तरी हीरोच्या बऱ्याच पार्टांची नंबरपद्धत होंडाचीच राहिली. सुरुवातीचे पाच अंक पार्टाचा प्रकार सांगतात आणि मधली तीन अक्षरं तो कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात. २२८७० म्हणजे क्लच केबल, १७९१० म्हणजे अॅक्सिलरेटर केबल, ४०५३० चेन, ४१२०१ मागची चक्री, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक. म्हणून पहिले पाच अंक जुळले एवढ्यावर खूश होऊ नका. २२८७० सगळ्याच क्लच केबलींना असतो, लांबी ठरते ती मधल्या अक्षरांवरून. काही वेळा कंपनी जुना नंबर बंद करून नवा देते. तेव्हा दुकानदार वेगळ्या नंबरचा पार्ट पुढं करतो आणि त्याचं म्हणणं बरोबरही असतं. फक्त "जुन्या नंबरला हाच लागतो हे कॉम्प्युटरवर दाखवा" एवढं म्हणायचं.

कॅटलॉग मात्र कारखान्यातून गाडी कशी निघाली ते सांगतं. आज तिच्यात काय बसलंय ते त्याला ठाऊक नसतं. जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीत मागचं चाक पॅशनचं, कार्ब्युरेटर भलत्याच गाडीचा, ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) आधीच एकदा बोअर केलेला, म्हणजे आतून कातून मोठा केलेला, हे नेहमीचं आहे. म्हणून आधी खोला, मोजा आणि मग बाजारात जा. अंदाजानं आधीच सामान आणून ठेवणाऱ्याचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. ३०० रुपयांचा साधा व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, घरात असावा.

इंजिनकामात तर खोलण्याआधी पिस्टन घेणं म्हणजे सरळ चूक. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ४९.५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली चाल). ब्लॉक झिजला की तो बोअर करून मोठा पिस्टन टाकतात. साइझा असतात ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००, म्हणजे ५०.२५, ५०.५० अशा. आत सध्या कुठली साइझ आहे हे जुन्या पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडला की दिसतं. तिथं २५ किंवा ५० असा आकडा कोरलेला असतो, काहीच नसेल तर बहुधा स्टँडर्ड. होंडाच्या पद्धतीत नंबरही हेच सांगतो: १३१०१ स्टँडर्ड पिस्टन, १३१०२ म्हणजे ०.२५, १३१०३ म्हणजे ०.५०. रिंगांना १३०११, १३०२१, १३०३१ असं. पिस्टन ०.५० चा आणि रिंगा ०.२५ च्या आल्या तर रिंगेची फट रुंद राहते, गाडी तेल खाते आणि निळा धूर जातो. मग दोष बोअरिंगवाल्याला लावतात, त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

क्रम असा ठेवा. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडं नेऊन वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा मोजून घ्या. कुठल्या साइझला साफ निघेल ते तो सांगेल. त्या साइझचा पिस्टन आणि रिंगा विकत घ्या, त्याच्या हातात द्या आणि मगच बोअर करू द्या. ५०.२५ चा पिस्टन बरोबर ५०.२५ नसतो, तो किंचित लहान असतो, आणि प्रत्येक कंपनीचा जरा वेगळा. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, साधारण ०.०१ ते ०.०४ मध्ये ठेवायची असते. पिस्टन समोर नसताना अंदाजानं केलेला बोअर सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पिस्टन धरतो, नाहीतर सैल राहून खडखडतो. ब्लॉक परत आला की प्रत्येक रिंग त्यात घाला, पिस्टनच्या माथ्यानं सरळ खाली ढकला आणि तोंडाची फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) बघा. ०.१० ते ०.२५ च्या आसपास हवी. अर्धा मिलिमीटर आली तर रिंग परत करा. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला आणि पिस्टनवरचं 'इन' इनटेकच्या बाजूला. गॅस्केट घेताना फक्त ब्लॉक-हेड खोललं असेल तर हाफ सेट पुरतो, फुल सेटचे पैसे घालू नका.

पिस्टननंतर जास्त फसवणूक होते ती चेनकिटमध्ये. जुन्या चक्रीचे दात मोजा, मागचे आणि पुढचे दोन्ही. एका दातावर खडूची खूण करून मोजा, नाहीतर दोनदा मोजून दोन आकडे येतात. १४-४४ चं गुणोत्तर ३.१४ आणि १४-४२ चं ३.००. दोन दातांनी फार काय होतंय असं वाटतं, पण डबलसीट पुलावर चढताना गाडी मार खाते. चेन बहुतेक १००-१५० सीसीला ४२८ नंबरची. म्हणजे एका पिनपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, १२.७ मिमी. ४२८ च्या पुढे एच असेल तर पट्ट्या जाड. जुन्या चेनच्या कड्या मोजून तो आकडाही लिहून न्या. एक जोड जास्त आली तर चाक मागं सरकायला जागाच राहत नाही. चक्रीच्या मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टांची भोकं स्पोकच्या आणि अलॉयच्या चाकाला वेगळी असू शकतात, म्हणून जुनी चक्री काउंटरवर नव्यावर ठेवून बघायची. फक्त चेन बदलून चक्र्या जुन्याच ठेवणं परवडत नाही. झिजून आकड्यासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत संपते. चाक निघालंच आहे तर हब रबर, म्हणजे चक्री आणि चाकामधले झटके झेलणारे रबर, दाबून बघा. ते सैल असतील तर नवीन चेनकिटलाही झटके बसतात आणि लोक किटला शिव्या देतात. चेन-लॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा आणि ढील २० ते ३० मिमी. काळ्या मातीच्या शेतरस्त्यानं जाणाऱ्या गाडीला धुतल्यावर लगेच तेल द्या.

बेअरिंगला गाडीचं नावच लागत नाही. कडेवर ६३०१, ६२०१, ६२०२ असं कोरलेलं असतं तेवढं पुरे. ६३०१ म्हणजे आतला व्यास १२, बाहेरचा ३७, जाडी १२. ६२०१ चा आतला व्यास तोच १२, पण बाहेरचा ३२ आणि जाडी १०. एक्सल दोन्हींतून जातो, हबमध्ये मात्र एकच बसतं. नंबराच्या मागे झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, २आरएस म्हणजे रबरची. चाकाला पाणी-धूळ लागते, म्हणून मी चाकात २आरएसच घालतो. इंजिनातल्या बेअरिंगवर सी३ लिहिलेलं असेल तर सी३ च आणा. ती आतून जराशी सैल असतात, तापून फुगल्यावर बरोबर होतात. हीरो-होंडाच्या कॅटलॉगात ९६१ नं सुरू होणारा नंबर दिसला की त्यात बेअरिंगचा नंबर लपलेला असतो, मग तेच चांगल्या कंपनीचं बेअरिंग बाहेर स्वस्त मिळतं.

प्लगमध्ये एक चूक इंजिन मोडू शकते. एनजीकेचा सी७एचएसए आणि सीपीआर८ईए-९, दोघांचेही आटे १० मिमीचे आणि पानाही १६ चाच. पण पहिल्याच्या आट्यांची लांबी १२.७ मिमी आणि दुसऱ्याची १९. आखूड हेडमध्ये लांब प्लग घातला तर तो पिस्टनला लागू शकतो. उलट केलं तर उघड्या आट्यांवर कार्बन बसून पुढचा प्लग अडकतो. शिवाय एनजीकेत आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. म्हणून कंपनी बदलताना आकडा न जुळवता डब्यावरचा जुळणीचा तक्ता बघा.

ब्रेक लायनर घेताना ड्रमचा आतला व्यास सांगा. १०० सीसी गाड्यांत ११० आणि १३० मिमी असे दोन्ही ड्रम दिसतात आणि एकाच गाडीला पुढं-मागं वेगळे असू शकतात. हेडलाइटचा बल्ब ३५/३५ वॅटचा एचएस१ असेल तर तोच. जास्त उजेडासाठी ६०/५५ चा एच४ घातला की होल्डर वितळतो. ऑइल जासो एमए किंवा एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचा दर्जा) लिहिलेलं, कारचं नको, क्लच घसरतो. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी त्याच तेलात रात्रभर बुडवा. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून घेत असाल तर ६ आणि ८ मिमीचे सहसा चालतात. १० मिमीला थांबा. गाडीत बहुतेक १.२५ चे बारीक आटे असतात आणि हार्डवेअरमध्ये मिळतात १.५० चे. दोन फेरे हातानं जातात, मग पान्यानं दाबलं की आटे गेलेच.

टायरच्या बाजूला चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला जुना टायर स्वस्त मिळतो, पण रबर कडक झालेलं असतं.

आता काउंटर. चॅसी नंबर, किक की सेल्फ, स्पोक की अलॉय, ड्रम की डिस्क हे कागदावर आणि जुना पार्ट पिशवीत. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा वेळी जा, दुपारी दुकानदार निवांत असतो आणि दोन डबे जास्तीचे उघडून दाखवतो. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली असली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी १८ वर आला आहे, म्हणून जुन्या छापील किमतीचा डबा असेल तर आजचा भाव विचारा. नवा आणि जुना पार्ट शेजारी ठेवून लांबी, भोकं, आटे, कनेक्टरच्या पिना मोजा. सीडीआय (प्लगच्या ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा), कॉइल, रेक्टिफायर (बॅटरी चार्जिंगचा) असे इलेक्ट्रिक पार्ट बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. ते "लावून बघू" म्हणून आणू नका, आधी दुसऱ्या चालू गाडीचा तात्पुरता लावून दोष तोच आहे याची खात्री करा. "पुण्याहून मागवून देतो" म्हणाले तर आगाऊ रकमेच्या पावतीवर पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं गाडीचं नाव नको.

घरी आणलेलं सामान बसेपर्यंत पाकिटं फाडू नका, कारण फाटलेलं पाकीट परत घेत नाहीत. गाडी शंभरेक किलोमीटर नीट चालली की जुना पार्ट भंगारात द्या. कंपनीच्या पार्टाचा रिकामा डबा मात्र चुरगाळून, फाडूनच टाका. शाबूत डब्यात नकली माल भरून तो पुन्हा काउंटरवर येतो.