जिनिंगचं पत्रक आणि हरवलेला रुपया: एक्सेलमधल्या भागाकाराचा माझा अनुभव

खानदेशात कापसाचा हंगाम लागला की जिनिंगचा (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या गिरणीचा) हिशेब भागाकारावरच चालतो. कापूस क्विंटलमध्ये येतो, भाव खंडीवर ठरतो, माल गाठींत जातो. खंडी ३५६ किलो रुईची, गाठ साधारण १७० किलोची. जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगचं असं पत्रक मी जुळवायला घेतलं, तेव्हा निम्मा रकाना #डिव्ह/०! ने भरलेला होता आणि उरलेल्या निम्म्यावर कुणाचा विश्वास नव्हता. (सूत्रं इथे देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाका.)

#डिव्ह/०! म्हणजे भागाकारातली खालची संख्या शून्य आहे किंवा तिचं घर (सेल) रिकामं आहे. इथे कारणं दोन निघाली. पहिलं म्हणजे खंडीचे ३५६ किलो जी१ मध्ये होते आणि सूत्र =एफ२/जी१ असं होतं. ते खाली ओढलं की पुढच्या रांगेत =एफ३/जी२ होतं, आणि जी२ रिकामं. सूत्रातल्या जी१ वर कर्सर ठेवून कीबोर्डवरचं एफ४ दाबलं की $जी$१ होतं, मग कितीही खाली ओढा. काही लॅपटॉपवर एफएन धरून एफ४ दाबावं लागतं. दुसरं कारण, उद्याच्या गाड्यांसाठी आधीच ओढून ठेवलेल्या रिकाम्या रांगा. तिथे =इफ(बी२=०,"",सी२/बी२) पुरतं (बी मध्ये कापूस, सी मध्ये रुई).

बरेच जण अशा वेळी सरसकट इफएरर (कुठलीही चूक आली की ती झाकणारं सूत्र) लावतात. मला ते पटत नाही. नाव चुकलं, रकाना उडाला, वजनात अक्षर घुसलं, सगळ्यावर एकच पांघरूण पडतं. आणि "" हा मजकूर असतो हेही विसरू नका. सम (बेरजेचं सूत्र) तो सोडून देतं, पण त्या घराला पुढे भावाने गुणलंत तर #व्हॅल्यू! ही चूक येणार.

खरा त्रास मजकूर झालेल्या आकड्यांचा होता. काट्यावरची वजनं व्हॉट्सअॅपवरून उचलून चिकटवली होती. त्यातली काही घराच्या डाव्या कडेला चिकटलेली, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. गंमत अशी की मजकुरातला ४२.६० भागाकारात बरोबर चालतो, कारण भागताना एक्सेल स्वतःच त्याची संख्या करून घेतं. सम मात्र तो मोजत नाही. त्यामुळे प्रत्येक गाडीचा उतारा (कापसातून निघालेल्या रुईची टक्केवारी) बरोबर दिसतो आणि खालची बेरीज कमी भरते. काही घरांत आकड्यामागे न दिसणारी, १६० क्रमांकाची जागा (स्पेस) होती. ती ट्रिमने (जादा जागा काढणाऱ्या सूत्राने) जात नाही. ती जागा कॉपी करून फाइंड-रिप्लेसमध्ये टाकायची, बदली रिकामी ठेवायची. मग रकाना निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, थेट फिनिश. "क्विं." हातानं लिहायची सवय असेल तर ती सोडा. सेल फॉरमॅटच्या कस्टममध्ये ०.००" क्विं." ठेवलं की एकक दिसतं आणि संख्या संख्याच राहते.

एका कॉम्प्युटरवर ८ टाकला की ०.०८ व्हायचं. खाली स्टेटस बारवर फिक्स्ड डेसिमल लिहिलेलं असेल तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन आपोआप दशांश टाकण्याची खूण काढा. दशांशचिन्ह स्वतः टाकलेल्या आकड्यांना हा पर्याय हात लावत नाही, म्हणून चूक पूर्ण आकड्यांतच सापडते आणि लवकर लक्षात येत नाही.

आता दिसणं आणि असणं. खंडीचा भाव ५४,००० धरा. ५४०००/३५६ म्हणजे किलोला १५१.६८५३… रुपये. घराला दशांश शून्य ठेवलेत तर दिसतात १५२, पण आत पूर्ण आकडा तसाच असतो. १७० किलोच्या गाठीचे एक्सेल २५,७८६.५२ काढतं. छापलेला १५२ घेऊन कॅल्क्युलेटरवर बसलेला मुनीम २५,८४० काढतो. गाठीला ५३.४८ चा फरक, शंभर गाठींना ५,३४८. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आत काय आहे ते बघायला सूत्रातला तेवढाच भाग निवडून एफ९ दाबा आणि नंतर एस्केप. एंटर दाबलंत तर सूत्र जाऊन तिथे आकडाच बसेल.

हमालीचंही तेच. १,००० रुपये तिघांत वाटले, प्रत्येकापुढे ३३३ दिसले, खाली बेरीज १,०००. मोजणारा विचारणारच, "भाऊ, एक रुपया कथा गया?" (कुठे गेला?) इथे दोघांना =राउंड(बी२/३,०) द्या (इथे बी२ मध्ये एकूण हमाली) आणि तिसऱ्याला एकूण रकमेतून उरलेले, म्हणजे ३३४. भावालाही तसंच: सौदा ज्या दशांशावर ठरला तिथे राउंड लावा आणि पुढचं सगळं त्याच घरावरून काढा. "सेट प्रिसिजन अॅज डिस्प्लेड" हा पर्याय जवळचा वाटतो, पण तो आधीच भरलेले आकडेही कायमचे छाटतो. मूळ वजनं परत मिळत नाहीत.

शेवटची चूक दिसायला चूक वाटतच नाही. एका गाडीत ४२.६० क्विंटल कापूस, रुई १४.५८, उतारा ३४.२३ टक्के. दुसरीत ८.३५ क्विंटल, रुई २.७१, उतारा ३२.४६. पत्रकात या दोघांची अॅव्हरेज घेतली होती: ३३.३४. पण एकूण रुई १७.२९, एकूण कापूस ५०.९५, म्हणजे खरा उतारा ३३.९४. दोन गाड्यांतच ३० किलो रुई कागदावरून गायब. सरासरीत छोट्या गाडीला मोठीइतकंच महत्त्व दिलं गेलं, म्हणून. उताऱ्याच्या रकान्याखाली अॅव्हरेज ठेवूच नका, =सम(सी२:सी३)/सम(बी२:बी३) टाका आणि घराला टक्क्याचं फॉरमॅट द्या. सूत्रात १०० ने गुणून वर टक्क्याचं फॉरमॅटही दिलंत, तर ३३९४ टक्के दिसतील.