नसलेल्या तटाच्या कडेकडेने

शिवाजी पार्कात रोज सकाळी चकरा मारणाऱ्या आमच्या मंडळींना डिसेंबरात कुठेतरी फिरवून आणायचं काम यंदा माझ्याकडे आलं. लोणावळा, माथेरान ही नावं ठरलेलीच. मी फोर्ट म्हटलं तर कुलकर्णी काकू म्हणाल्या, "अगं, जन्म गेला तिथल्या ऑफिसात, आता काय बघायचं?" पण मला तिथला तट चालायचा होता. अठराव्या शतकात इंग्रजांनी मुंबईभोवती बांधलेला आणि १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात पाडून टाकलेला. तो आता नाही, पण त्याची रेघ पायाखाली सापडते.

वार रविवारच निवडला. एरवी त्या फुटपाथवर पंधरा-वीस जणांनी एकत्र उभं राहणं अशक्य. आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून घेतला, सकाळची स्लो पकडली. चर्चगेट स्टेशनातच सगळ्यांना बाथरूमला जाऊन यायला लावलं, कारण पुढे रविवारी बहुतेक सगळं बंद. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हे आधी ठरवा, इतिहास नंतर. शुगरवाल्यांसाठी पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या होत्या. हवेत छान गारवा होता, काकांनी गळ्यातले मफलर काढलेच नाहीत.

सुरुवात काळा घोड्यापासून केली. तिथल्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो, म्हणजे तटालगतचा रस्ता. मी सगळ्यांना उत्तरेकडे तोंड करून उभं केलं आणि सांगितलं, उजवीकडे शहर, डावीकडे मोकळं मैदान. तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून तटाबाहेरची जागा रिकामी ठेवत. आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानं ही त्याच मोकळ्या जागेतली. काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे मुलं क्रिकेट खेळतात ते तोफांमुळे!" इतक्या नेमक्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

हुतात्मा चौकात आम्ही बराच वेळ थांबलो. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. चर्च गेट हा तटाचा दरवाजा होता तिथेच ते उभं राहिलं. पण आमच्यातल्या गिरगावच्या सावंत काकांना कारंज्याचं काही नव्हतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला, तेव्हा त्यांचे वडील मोर्च्यात होते. काका स्मारकापुढे चपला काढून उभे राहिले. मग बाकीच्यांनीही काढल्या. तिथे मी एक अक्षर बोलले नाही. इतिहास सांगणाऱ्याने कुठे गप्प बसायचं हे आधी ठरवता येत नाही, समोरच्या माणसाकडे पाहूनच कळतं.

क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरची भिका बेहराम विहीर १७२५ ची. आत फक्त पारशी जाऊ शकतात, म्हणून बाहेरूनच पाहिली. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं.

सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना संपेपर्यंत बाहेर थांबलो. पायाभरणी १६७६ ची, मग काम कित्येक वर्षं रखडलं आणि चर्च उघडलं ते १७१८ च्या नाताळात. आतली नाताळची सजावट अजून तशीच होती. मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासूनचं अंतर दाखवतात. त्यातले काही फुटपाथखाली गाडले गेले होते, ते अलीकडे उकरून नीट बसवलेत.

टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या कुणी चढल्या, कुणी खालीच बसले. पुढे हॉर्निमन सर्कल ओलांडून बाजार गेट स्ट्रीटला लागलो. चर्च गेटच्या रस्त्याच्या दक्षिणेला इंग्रज राहत, उत्तरेला आपले लोक. १८०३ च्या मोठ्या आगीत या उत्तरेकडच्या वस्तीची राख झाली आणि पुष्कळ जण तटाबाहेर राहायला गेले. काळबादेवी, गिरगावकडची वस्ती वाढली त्यात या आगीचाही हात आहे. माझ्या मते फोर्टमधल्या कुठल्याही कमानीपेक्षा ही गोष्ट आधी सांगायला हवी.

गल्लीच्या टोकाशी रतनसी मुळजी कारंजं आहे. कोवळ्या वयात गेलेल्या मुलाच्या आठवणीत बापाने बांधलेलं. आराखडा सीएसएमटी स्टेशनच्या इमारतीचा आराखडा करणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचाच. काकूंनी मान वर करून घुमटीवरचा तो मुलगा शोधला आणि खालच्या दगडी हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवला.

शेवट सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात. तिथे फोर्ट जॉर्जचा उरलेला तुकडा आहे. डोंगरीचा जुना किल्ला होता त्या जागी १७६९ मध्ये तो बांधला. पेशंट असतात, म्हणून चार-चार जण आत गेलो, आवाज न करता, फोटो न काढता. काळा दगड, सांध्यांत चुना. बाहेर आल्यावर सावंत काका म्हणाले, "एवढाच?" म्हटलं, "एवढाच."

सीएसएमटीसमोर वडापाव खाताना पुढच्या खेपेची चर्चा निघाली. मी शीवचा किल्ला आणि धारावीचा काळा किल्ला सुचवलाय. कुलकर्णी काकूंनी विचारलं, तिथे पायऱ्या किती. आता एकदा आधी एकटीने जाऊन त्या मोजून यायच्या आहेत.