पेलेट बदलली आणि सगळं गणित हललं: माझा अनुभव

मी सांगलीत १० मीटर एअर रायफल मारते, चार वर्षं झाली. इथं लिहितेय कारण गेल्या पावसाळ्यात माझे दीड महिने फुकट गेले आणि तसे कुणाचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

झालं असं की माझ्या नेहमीच्या पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलमधून मारायच्या शिशाच्या बारीक गोळ्यांच्या, डब्या संपल्या. ०.५३ ग्रॅमच्या, डोक्याचं माप ४.५१ मिमी. दुकानात विचारलं तर तो माल येत नाही म्हणाले, दुसऱ्या कंपनीची घ्या, वजन तेच आहे. वजन तेच म्हटल्यावर मी घेतली. डबीवर ४.५० लिहिलेलं, ते बघितलं पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं काय होतंय असं वाटलं आणि सोडून दिलं.

पहिल्याच दिवशी सगळे शॉट खाली आणि जरा डावीकडं. मग मी काय केलं, डायॉप्टरचे, म्हणजे नेम धरायच्या मागच्या भोकाच्या साइटचे, क्लिक फिरवले, मध्यावर आणलं आणि सराव सुरू. पण ६० शॉटला ६१२ च्या आसपास गुण असायचे ते ५९८ वर आले, तेही रोज वेगळे. एक १०.६ आणि लगेच पुढचा ९.३, आणि ट्रिगर सुटताना तर दोन्ही सारखेच वाटलेले. आमचे कोच सर म्हणाले खांदा बघू, पायाचा अँगल बघू, श्वास बघू. आम्ही बट प्लेटपण (रायफलची खांद्याला टेकते ती मागची पट्टी) हलवली. आता कळतंय की तीच सगळ्यात मोठी चूक होती, कारण एकदम चार गोष्टी बदलल्यावर कशानं काय झालं ते शोधणार कसं? रात्री झोप लागायची नाही मला. हातातलं गेलं की काय असं वाटायचं.

शेवटी अण्णांनी, म्हणजे वडलांनी विचारलं, तुझ्यात काही बदललं नाही तर रायफल-पेलेटमध्ये काय बदललं? अण्णांची कुपवाड एमआयडीसीत लेथची छोटी शेड आहे, आयुष्य मापात गेलंय. त्यांनी मायक्रोमीटर काढला. शिसं मऊ असतंय, जरा जास्त आवळलं की दबतं आणि माप चुकतं, म्हणून फक्त रॅचेटनं (मायक्रोमीटरच्या टोकाची टिकटिक करणारी मूठ), एक टिक झाली की थांबायचं. जुन्या डबीत तळाला अकरा पेलेट राहिलेल्या त्या आणि नवीन वीस मोजल्या. जुन्या सगळ्या ४.५१ ला चिकटून होत्या. नवीन ४.४९ पासून ४.५१ पर्यंत पसरलेल्या आणि तिघींचा मागचा घागरा, म्हणजे शेपटाकडचा पातळ पसरट भाग, चेपलेला. मग सराफ कट्ट्यावर अण्णांच्या ओळखीच्या दुकानात जाऊन सोन्याच्या काट्यावर वजनंही केली, वजनात फारसा फरक नव्हता. म्हणजे गडबड मापातच.

सरांनी नीट समजावलं ते सांगते. पेलेटचं डोकं नळीतल्या आट्यांवर बसतं आणि मागचा घागरा हवेच्या दाबानं फुगून नळी बंद करतो. डोकं सैल असेल तर पेलेट नळीत सरळ धरली जात नाही, फार घट्ट असेल तर वेग बदलतो. आपली पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर जाते, म्हणजे १० मीटरला जवळपास ०.०६ सेकंद, आणि तेवढ्यात ती १७ मिमी खाली येते. वेग थोडा जरी मागंपुढं झाला तरी शॉट वरखाली होणारच. आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा!

मग टेस्ट. नळीतून फेल्टच्या गोळ्या मारून साफ केली. जुन्या जीन्सच्या पायात शाळू भरून अण्णांनी पिशवी शिवली (वाळूपेक्षा शाळू बरा, रायफल टेकवली की दाबून आकार घेतो), टेबलावर ती ठेवून रायफल टेकवली. रेंजवरच्या पोरांकडनं वेगवेगळ्या मापाच्या डब्या मागून घेतल्या, ४.४९, ४.५०, ४.५१ आणि एक जड वजनाची. प्रत्येक वेळी पेलेट बदलली की पहिले २० शॉट मोजायचेच नाहीत, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग ५-५ शॉटचे चार ग्रुप (एकाच नेमानं मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका), प्रत्येक नव्या कार्डावर. आणि क्लिकला हात लावायचा नाही! ग्रुप कुठं पडतोय ते नंतर, आधी तो किती घट्ट आहे ते.

मोजायचं असं, ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. पेलेट ४.५ मिमीची, त्यामुळं बाहेरून ९.५ मिमीच्या आत असलेला ग्रुप नीट मध्यावर आणला तर सगळे दहा होऊ शकतात. माझी दुकानातली डबी पिशवीवर टेकवूनही ११ मिमीचा ग्रुप देत होती! म्हणजे मी कितीही चांगली उभी राहिले असते तरी नऊ येणारच होते. ते कार्ड हातात घेऊन मी रडले, खरं सांगते. जड पेलेट आणखी खाली गेली आणि ग्रुपही ९ चा. त्याच नवीन कंपनीची ४.५१, वेगळ्या लॉटची (एका वेळी बनलेला माल म्हणजे लॉट), तिनं चारही ग्रुप ७ च्या आत दिले.

त्यानंतरच झिरो केलं, म्हणजे क्लिक फिरवून ग्रुप मध्यावर आणला. माझ्या डायॉप्टरला १० क्लिकला साधारण ३ मिमी सरकतं, तुमचं वेगळं असेल, मारून बघा. मला वर ८ आणि उजवीकडं ३ लागले. उभं राहून परत तपासलं, कारण टेकवून आणि उभं राहून झिरोत थोडा फरक पडतोच. बट प्लेट जुन्या खुणेवर परत आणली.

एक राहिलं. कृष्णाकाठची हवा, जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या डबीतल्या पेलेटवर पांढरी भुकटी धरते. आता डबी घट्ट बंद करून ठेवते, आणि रेंजवर भडंगाची पुडी फुटली तरी हात साबणानं धुतल्याशिवाय कुणालाच घेऊ देत नाही, शिसं पोटात जायला नको. २०२४ ला स्वप्निल कुसाळेंनी पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून आमच्याकडं लहान पोरंही येतात, त्यांना तर आधी हेच शिकवते.

त्याच लॉटच्या आठ डब्या एकदम घेऊन ठेवल्यात. झाकणावर पेननं लॉट नंबर, माप आणि क्लिक लिहिलेत. परवाच्या सरावात ६११.४ आले.