एहिनोसची कॉफी आणि आमचे काका

ग्रीसमधलं थेसालोनिकी छान, कवालाचा समुद्र छान. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला सांगायचंय ते एहिनोसबद्दल. ग्रीसच्या ईशान्य टोकाला, क्सांथी शहराच्या वर रोडोपी डोंगरात हे पोमाक नावाच्या डोंगरी मुसलमान समाजाचं गाव आहे. डोंगरापलीकडे बल्गेरिया.

कॉफीच्या दुकानात एक आजोबा भेटले. उमेदीची वर्षं जर्मनीत कारखान्यात काढलेली, त्यामुळे पुण्यात शिकलेल्या माझ्या जर्मनला अखेर गिऱ्हाईक मिळालं. गप्पा रंगल्या आणि आमच्यातल्या एका काकांनी कोपराने ढोसायला सुरुवात केली. "विचार ना त्यांना, तुर्की की ग्रीक?"

या प्रश्नाची मला भयंकर चीड आहे. इथे घरात बल्गेरियनच्या जवळची पोमाक बोली, शाळेत तुर्की आणि ग्रीक, नमाजाला अरबी. 1912 पर्यंत ऑटोमन राज्य, मग बाल्कन युद्धांनंतर बल्गेरिया, मग ग्रीस, 1941 ते 1944 पुन्हा बल्गेरियाचा ताबा. त्यातच 1923 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस-तुर्कस्तानने धर्म बघून माणसांची अदलाबदल ठरवली. दहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले; पश्चिम थ्रेसचे, म्हणजे ग्रीसच्या याच भागातले मुसलमान आणि इस्तंबूलचे ग्रीक तेवढे वगळले. म्हणून हे गाव जागेवर राहिलं.

आजोबांचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर. शीतयुद्धात हा पट्टा लष्कराच्या निर्बंधाखाली होता. रस्त्यावर चौकी, ये-जा करायला परवाना. हे 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. शिवाय नागरिकत्व कायद्याचं कलम 19: ग्रीक वंशाचा नसलेला माणूस परदेशी गेला आणि परतायचा विचार दिसत नाही असं सरकारला वाटलं, की नागरिकत्व रद्द. 1998 मध्ये कलम काढेपर्यंत सुमारे 60 हजार लोकांचं गेलं. म्हणून हे आजोबा दर सुट्टीत न चुकता जर्मनीहून गावी यायचे, आपण परत येतो हे दिसावं म्हणून. आणि गावाच्या वाटेवरच शिपाई कागद तपासायचे! हे सांगताना त्यांनी टेबलावर असा हात आपटला की कपबश्या हलल्या.

मी प्रश्न विचारला नाही. काकांनी मग स्वतःच इंग्रजीत विचारला. आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. काकांना आणखी कॉफी हवीय असं समजून त्यांनी ती मागवली आणि आम्हाला पैसे देऊ दिले नाहीत.

रात्री काकांनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली ओळ: "ग्रीसमधलं अस्सल टर्किश गाव!"